प्रवेशाचा हंगाम आणि शाळेतले समुपदेशक: तुम्ही स्वतःला कसं सांभाळता?

तळ्याकाठची (रात्री ९:४८)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका शाळेत समुपदेशक आहे. शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय आहे, त्यामुळे दहावीवाले आणि बारावीवाले दोन्ही माझ्याच टेबलासमोर. मेमध्ये निकाल लागले की हंगाम सुरू होतो, तो गणपतीपर्यंत. अकरावीचे पसंतीक्रम, सीईटीचे पर्सेंटाइल, नीट, कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेशाच्या) फेऱ्या, नॉन-क्रीमीलेअर, जात पडताळणीची पावती. माझं मूळ काम मुलांचं ऐकून घेण्याचं, पण या दिवसांत निम्मा वेळ कागद तपासण्यात जातो.

काम जास्त आहे ही तक्रार नाही, ते सगळ्यांनाच असतं. पण संध्याकाळी यादी लागली की झोपेपर्यंत फोन थांबत नाही. लक्ष्मीपुरीत मेथीची जुडी हातात धरलेली असते आणि मागून आवाज येतो, "मॅडम, सत्त्याऐंशी पॉइंट चारला कुठं बसतंय?" डबा चार वाजता उघडायचा, तोवर चपातीचा पापड झालेला. घसा तर जूनमध्येच बसतो. आणि रात्री मध्येच जाग आली की डोळ्यांसमोर दिवसभर रडलेलं, भांडलेलं पोरगं येत नाही. बापाशेजारी गप्प बसून नुसती मान हलवणारं येतं.

एका प्रशिक्षणात 'स्वतःची काळजी' या विषयावर सत्र झालं. दीर्घ श्वास, कोमट पाणी, कृतज्ञतेची वही. बरोबरच असेल सगळं. पण दाराबाहेर रांग असताना वही उघडणार कोण?

म्हणून विचारते. या कामातले किंवा असल्याच हंगामी कामातले लोक प्रत्यक्षात काय करता? आणि एक थेट प्रश्न: प्रवेशाच्या दिवसांत रात्री आठनंतर फोन बंद ठेवणं बरोबर की चूक? आमचे हे म्हणतात बरोबर. माझं मन काही ऐकत नाही.

गंगावेशचा_गडी (रात्री १०:०२)

ताई, संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर या. म्हशीचं धारोष्ण, डोळ्यांदेखत काढलेलं. एक ग्लास मारला की सगळे कट-ऑफ विसरताय का नाही बघा.

फुटाणेवाला (रात्री १०:१५)

मॅडम बरं झालं भेटला. पोरीला सीईटीत पीसीएमला ८९ पर्सेंटाइल पडलेत. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग बसंल का?

मिरजकर_तिकटी (रात्री १०:१८)

हहपुवा! धागा कशाचा आणि विचारणा कशाची!

फुटाणेवाला (रात्री १०:२१)

हसाय काय झालं. माहीत असणाऱ्यालाच विचारणार की.

तळ्याकाठची (रात्री ११:०७)

फुटाणेवाला, नुसत्या आकड्यावर सांगता येत नाही. प्रवर्ग कोणता, कुठल्या विद्यापीठाच्या हद्दीतून बारावी, यावर ठरतं. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीचे कट-ऑफ फेरीवार आहेत, तिथून यादी करा. आवडीचं कॉलेज वर, मिळेल असं वाटणारं खाली. आणि ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस असाल आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर कॅपमधून प्रवेश घेतलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, तो शेवटच्या दिवशी मिळत नाही.

जुना_फळा (रात्री ११:३०)

तळ्याकाठची, स्वतःच्या उत्तराची वेळ बघा. अकरा वाजून सात मिनिटं. आठनंतर फोन बंद करू का असं विचारणारी बाई अकराला उत्पन्नाच्या दाखल्यावर सल्ला देतेय. सल्ला अगदी पक्का आहे, तीच तर अडचण आहे.

मी निवृत्त शिक्षिका. शिकवता शिकवता समुपदेशनही केलं, कारण स्वतंत्र पद कधी भरलंच गेलं नाही. २०१६ मध्ये दहावीला कल चाचणी सुरू झाली, तेव्हा निकालाचा कागद घेऊन पालक यायचे, "बाई, याचा कल ललित कलेकडे आलाय, आता काय करू?" तेव्हापासून जमवलेल्या युक्त्या सांगते. दूध, योगासनं वगैरे ज्याचं त्यानं बघावं.

पहिली गोष्ट ओटीपी. अर्ज भरताना मुलाकडे फोन नसला, बापाचा रिचार्ज संपलेला असला की आपण मायेनं म्हणतो, "घाल माझा नंबर." मग यादीच्या दिवशी वीसेक पोरांचे ओटीपी आपल्या फोनवर. रात्री अडीचला एक येतो आणि आपण विचार करत बसतो की हा कुणाचा, आणि यानं पसंतीक्रम बदलला की काय. स्वतःच्या नंबरावर एकही लॉगिन ठेवायचं नाही. मावशी, शेजारी, किराणा दुकानदार, कुणाचाही नंबर चालेल, आपला नाही.

दुसरी गोष्ट, एकच प्रश्न शंभर जणांना शंभरदा सांगायचा नाही. हॉल घ्यायचा, आठवड्यातून दोन ठरलेल्या दुपारी सगळ्या पालकांना एकदम सांगायचं. जो हॉलमध्ये बसला त्यालाच नंतर स्वतंत्र वेळ. पहिल्या वर्षी शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या वर्षी पालकच एकमेकांना सांगायला लागले, "आधी हॉलला जावा, बाई भेटत न्हाईत."

तिसरं, तुमचं ते गप्प पोरगं. मी फुलस्केप वही ठेवायची. मागच्या पानावर फक्त अशा मुलांची नावं, शाळा सुटण्याआधी लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मीच त्याला वर्गातून बोलवायचं. फळा पुसायला, नकाशे लावायला, काहीही निमित्त. बाप शेजारी नसला की पोरगं बोलतं. मुख्य म्हणजे नाव वहीत गेलं की रात्री ते माझ्या डोक्यात राहत नसे. पूर्ण नाही, पण झोप लागण्यापुरतं तरी.

डबा दीड वाजता, आतून कडी लावून. कुणी मरत नाही.

साठी_पार (सकाळी ६:४०)

एवढा बाऊ कशाला हे कळत नाही. आमच्या वेळी निकाल लागला की सायकलवरून राजाराम कॉलेजला जायचं, खिडकीत फॉर्म द्यायचा, दोन दिवसांनी फळ्यावर यादी. समुपदेशक हा शब्द आम्ही ऐकलासुद्धा नव्हता. आमचं वाईट झालं का?

कॅपग्रस्त (सकाळी ७:२५)

काका, तुमच्या वेळी एक खिडकी होती. आता अकरावीला दहा पसंती भरायच्या, आणि पहिल्या पसंतीचं मिळूनही घेतलं नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. २०२५ च्या आधी राज्याची ही ऑनलाइन पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती असल्या शहरांपुरती होती. २०२५-२६ पासून अख्ख्या राज्याला लागली, म्हणजे आजरा-चंदगडच्या पोरालाही तोच अर्ज. इंजिनिअरिंगला तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. वर ऑटो फ्रीज, म्हणजे ठरावीक पर्याय मिळाला की तीच सीट पक्की, पुढची फेरी नाही. समुपदेशकाला फोन नाही करायचा तर काय ज्योतिषाला करायचा?

बावड्याचा_बाबू (सकाळी ८:१०)

ऑटो फ्रीज फक्त पहिल्या पर्यायाला असतंय. उगाच घाबरवू नका.

कॅपग्रस्त (सकाळी ८:१४)

ते आधीचं. २०२५ ला चार फेऱ्या झाल्या आणि नियमही बदलला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी कोणताही, तिसरीत पहिल्या सहापैकी कोणताही मिळाला की सीट गोठली. माझ्या भाच्यानं सहावा पर्याय असाच, जागा भरायची म्हणून टाकला होता.

बावड्याचा_बाबू (सकाळी ८:१९)

आन मग?

कॅपग्रस्त (सकाळी ८:२०)

मग काय, तोच मिळाला. आता आवडीनं शिकतोय म्हणतो.

मिरजकर_तिकटी (सकाळी ८:३३)

बघा, दोन शहाणी माणसं सकाळी आठला भांडताहेत आणि मॅडमना हाच प्रश्न दिवसभर येतो. साठी_पार काका, आता कळलं बाऊ कशाचा?

साठी_पार (सकाळी ९:०५)

काही कळलं नाही. पण तीनशे पर्याय म्हणजे कहर आहे, एवढं मान्य.

लाल_माती (सकाळी ९:४०)

मी पण याच कामातला. पुरुष समुपदेशक कमी असतात, त्यामुळे मुलग्यांचे बाप माझ्याकडे जास्त येतात आणि बहुतेकांना मी पोराला दम द्यावा असं वाटत असतं.

माझा उपाय सोपा आहे. पहाटे तालीम. कुस्ती लहानपणी सोडली, आता नुसत्या जोर-बैठका आणि कधीतरी हौद्यात उतरून माती उकरायची. वस्ताद फोन दाराबाहेरच्या फळीवर ठेवायला लावतात. दीड तास मी कुणाचा सर नसतो. उलट वस्तादच मला म्हणतात, "खांदा पाड, लई शिकल्यासारखा उभा राहू नको." दिवसभर दुसऱ्यांना धीर देणाऱ्या माणसाला कुणीतरी असं बोलणारं पाहिजे.

जुना_फळा बाईंच्या वहीला माझं अनुमोदन. ओटीपीचं तर मी आजच करतोय. आत्ता फोनवर बघितलं, नऊ पोरांची लॉगिन माझ्या नंबरावर आहेत.

गगनबावडा_एसटी (सकाळी ११:१५)

मी पालक. समुपदेशक वगैरे नाही. शेती आणि कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीचा हिशेब लिहितो.

तुमचं सगळं वाचलं. पटलं पण राग पण आला. सांगतो का ते. माझ्या पोराला तालुक्यात सायन्स घ्यायचं नव्हतं, कोल्हापूरला यायचं होतं. जून-जुलैला आमच्याकडं पाऊस असा असतोय की रेंज जाती, लाईट जाती. यादी लागली हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळतं. मग घाटाच्या कडेला एक जागा आहे जिथं दोन कांड्या रेंज येती, तिथं छत्री धरून उभा राहून फोन लावतो. तोवर रात्रीचे नऊ वाजलेले असतात. समोरनं 'स्विच ऑफ' आलं तर माणसानं काय करायचं? कागद दाखवायला येतो म्हटलं तर कोल्हापूर पन्नासच्या वर किलोमीटर, त्यात रस्त्यावर पाणी आलं की बंद.

शहरातल्या पालकाला दहा ओळखी असतात. आम्हाला एक मॅडम माहीत असतात. त्यांनी फोन बंद करू नये असं म्हणत नाही, त्यांनाही घर आहे. पण हॉलला जो येईल त्यालाच वेळ, हे आमच्यासारख्यानं कसं जमवायचं?

जुना_फळा (दुपारी १२:०२)

गगनबावडा_एसटी, बरोबर बोललात. माझी शाळा शहरात होती, सगळे पालक तासाभरात पोचणारे. लांबच्यांसाठी हॉलचा नियम चालणार नाही. त्यांची यादी वेगळी करायची आणि त्यांना आपणच फोन करायचा, यादी लागायच्या आधी. 'मिळालं तर काय, नाही मिळालं तर काय' हे आधीच कागदावर लिहून पोराच्या दप्तरात द्यायचं. मग रात्री नऊचा फोन दहातले आठ वेळा करावाच लागत नाही.

तळ्याकाठची (दुपारी १:३५)

गगनबावडा_एसटी, तुमचा प्रतिसाद वाचून सकाळपासून अस्वस्थ आहे. तुमच्यासारख्यांमुळेच फोन बंद करवत नाही. पण खरं सांगू का, रात्रीचे बहुतेक फोन तुमचे नसतात. ताराबाई पार्कातून, राजारामपुरीतून येतात, "मॅडम, सहज विचारत होतो." घाटाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचा फोन त्या 'सहज'मध्ये व्यस्त लागतो.

(डबा उघडलाय. दीडला. कडी लावून.)

गंगावेशचा_गडी (दुपारी १:४१)

भाजी कसली?

तळ्याकाठची (दुपारी १:४४)

अख्खा मसूर. आता जेवू द्या.

हडसनकाठची_लेक (दुपारी ३:२०)

माहेर कसबा बावडा, आता न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलमध्ये काउन्सेलर. इकडे पहाट आहे, म्हणजे मलाही झोप नाही हे ओळखलं असेलच.

आमचा हंगाम उलटा. १ ऑगस्टला कॉमन अ‍ॅप, म्हणजे कॉलेजांचा सामाईक ऑनलाइन अर्ज, उघडतं. बऱ्याच कॉलेजांची लवकरच्या अर्जाची तारीख १ नोव्हेंबर, नेहमीच्या अर्जाची १ जानेवारीच्या आसपास. १ मेपर्यंत मुलांनी कुठं जायचं ते कळवायचं. प्रत्येक मुलासाठी काउन्सेलरनं शिफारसपत्र लिहायचं असतं, हे तुमच्याकडे नाही, त्याबद्दल अंबाबाईचे आभार माना. इथल्या समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस आहे एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी. प्रत्यक्षात देशाची सरासरी त्याहून बरीच जास्त आहे. म्हणजे रडगाणं इकडेही तेच.

आणि 'स्वतःची काळजी' इकडे तर धंदाच आहे. ऑक्टोबरात प्रशासन आम्हाला सुगंधी मेणबत्त्या आणि पिझ्झा देतं. मेणबत्ती शाळेत पेटवायला बंदी आहे.

उपयोग झाला तो एका नियमाचा, आणि तो माझा नव्हे, शाळेचा. पत्र हवं असेल तर मुलानं ठरलेल्या तारखेआधी फॉर्म भरून मागायचं. तारीख उलटली तर प्राचार्यांकडे जायचं, माझ्याकडे नाही. 'नाही' म्हणायचं ते शाळेनं, मी म्हणायचं नाही. माझ्या तोंडून निघालं असतं तर मी तीन दिवसांत मोडलं असतं, बावड्याच्या माणसाला नाही म्हणता येतं का कधी?

बावड्याचा_बाबू (दुपारी ३:२८)

बावड्याची म्हणता? कुठल्या गल्लीत?

हडसनकाठची_लेक (दुपारी ३:३१)

सांगितलं तर तू पण पीसीएम विचारशील.

पाणीपातळी (सायंकाळी ५:१०)

मी तुमच्या क्षेत्रातला नाही, पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य गेलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. हे कोल्हापुरात पोराटोरांना पाठ असतं. माणसं, जनावरं हलवायची तयारी ३९ ला करायची असते. ४३ झाल्यावर आंबेवाडी-चिखलीला होडीच लागते. मॅडम, तुमचे ३९ कुठले, ते हंगामाआधी घरच्यांना सांगून ठेवा. पूर आल्यावर स्वतःला पातळी वाचता येत नाही.

मिरजकर_तिकटी (सायंकाळी ५:२२)

आमच्या स्टाफरूममध्ये राधानगरी धरणाचे दरवाजे आहेत. स्वयंचलित. परवा एक उघडला, मुख्याध्यापकांसमोरच.

डॉ_वाचनमात्र (रात्री ८:०५)

मानसोपचारतज्ज्ञ आहे, एरवी इथं फक्त वाचतो. पाणीपातळींनी फार नेमकं लिहिलं. त्यांच्याच भाषेत ३९ फुटांच्या खुणा सांगतो.

कामानं जळून जाणं, ज्याला बर्नआउट म्हणतात, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या ११ व्या आजार-वर्गीकरणात २०१९ मध्ये आलं, पण आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणी घडणारी गोष्ट म्हणून. हा फरक महत्त्वाचा आहे. कारण कामाच्या मांडणीत असलं तर औषधही बरंचसं तिथंच असतं. त्यात तीन गोष्टी दिल्या आहेत: थकून रिकामं होणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. पहिली सगळ्यांनाच कळते. दुसरी निसटते. मुलाचं नाव आठवायच्या आधी त्याचा पर्सेंटाइल आठवायला लागला, आलेल्या पालकाला बघून मनात शिवी आली, स्टाफरूममधले विनोद फक्त मुलांवरच व्हायला लागले, की समजा पाणी चढतंय.

झोप दोन-तीन आठवडे सलग मोडली असेल, हंगाम संपूनही मन वर येत नसेल, तर मात्र याला हंगामाचा थकवा म्हणू नका, डॉक्टरांना भेटा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासा. बायकांमध्ये थकव्याचं कारण अनेकदा तिथं सापडतं आणि आपण महिनोन्‌महिने मनाला दोष देत बसतो.

फोनबद्दल. प्रवेशाचा प्रश्न सकाळपर्यंत थांबू शकतो. जिवाचा प्रश्न थांबू शकत नाही. पण तो एकट्या समुपदेशकाच्या खिशातल्या फोनवर अवलंबून ठेवणं मुलासाठीही धोक्याचं आहे. तुमची बॅटरी संपली तर? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तुमच्या बंद फोनच्या संदेशात, दारावर, निकालाच्या फळ्यावर तो मोठ्या अक्षरात लावा. एखादं मूल मरणाची भाषा बोललं असेल तर ते वहीत लिहून उद्यावर टाकायचं नाही. त्याच क्षणी पालक आणि मुख्याध्यापक यांना सांगायचं, मुलाला एकटं सोडायचं नाही, आणि दवाखान्याची वाट धरायची. ते गुपित एकट्यानं सांभाळायचं नसतं.

आणि १४४१६ फक्त मुलांसाठी नाही. समुपदेशकांनीही फिरवावा.

लाल_माती (रात्री ८:३०)

डॉक्टर, दुसरी खूण वाचून गप्प झालो. आमच्या स्टाफरूममधले विनोद आठवले.

खडू_आणि_बजेट (रात्री ८:५५)

मी एका अनुदानित शाळेचा मुख्याध्यापक. सगळे मिळून मुख्याध्यापकांना धुवायच्या आत बाजू मांडतो.

सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरातल्या संस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. सगळ्या शिक्षक-शिक्षकेतरांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण. वाचायला सुंदर. पण वेतन कुठल्या शीर्षाखाली? माझ्याकडे समुपदेशक म्हणजे इतिहासाच्या मॅडम, ज्यांना आठवड्यात दोन तास सवलत मिळते, तीही बदली शिक्षक नसला की जाते.

तरीही इथं वाचून एक पटलं. 'नाही' शाळेनं म्हणायचं. आजपर्यंत मी पालकांना सांगत आलो, "मॅडमना फोन करा, त्या सांगतील." ते सोपं पडतं मला.

जुना_फळा (रात्री ९:१०)

सर, पद मंजूर व्हायचं तेव्हा होईल. शाळेच्या नावावर एक साधा फोन घ्यायला कुठलं शीर्ष लागतं? बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांत समुपदेशकांचे नंबर पेपरात छापून येतात, त्याच्याबरोबर वेळही छापलेली असते. लोक ती पाळतात. तुमच्या गेटवर वेळ लिहिलीय का कधी?

खडू_आणि_बजेट (रात्री ९:१४)

नाही लिहिली. घेतो फोन.

साठी_पार (रात्री ९:३०)

एक शंका. हंगाम संपल्यावर हे लोक काय करतात? आमचा मेहुणा सीए आहे. तारीख संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतिबाला जातो, येताना पन्हाळ्यावर झुणका-भाकरी, आणि दोन दिवस कुणाशी बोलत नाही. तुमच्याकडे असं काही आहे का, की गणपती आले, लगेच घटक चाचणी?

लाल_माती (रात्री ९:३७)

काका, लाख बोललात. आमच्याकडे हंगामाला शेवटच नसतो. शेवटची फेरी झाली म्हणेपर्यंत 'राहिलेल्या जागा', मग जुलैच्या पुरवणी परीक्षेतून पास झालेली मुलं, मग 'सर, कॉलेज बदलून मिळेल का'. अर्जित रजेचे दोन दिवस मागून घेणं हेच करून बघायला हवं.

तळ्याकाठची (रात्री १०:०५)

सगळ्यांचे आभार. आज आमच्या मुख्याध्यापकांना हा धागा दाखवला (राधानगरीचा प्रतिसाद सोडून). ठरलं ते सांगते.

शाळेचा एक फोन. तीन शिक्षक पाळीनं घेणार, मी त्यातली एक. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, यादीच्या दिवशी रात्री नऊपर्यंत. तालुक्यांतल्या पालकांची वेगळी यादी, त्यांना यादीच्या आदल्या दिवशी आम्हीच फोन करायचा. गगनबावडा_एसटी, ही तुमची देणगी. माझ्या नंबरावरची लॉगिन या आठवड्यात एकेकाला बोलावून बदलून घेतेय. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, घरात फोन फक्त दादाकडे आहे आणि त्याला मी शिकायला नको आहे." तिचं मात्र माझ्याकडेच राहू दिलंय. याला कुणाची हरकत असली तर असू दे.

घरी ३९ ची पातळीही सांगून ठेवलीय: सलग दोन दिवस मी लेकीवर विनाकारण ओरडले तर ह्यांनी माझा फोन काढून घ्यायचा. लेक म्हणाली, विनाकारण आहे का ते कोण ठरवणार?

माझा फोन आठला बंद करणार का? आज तरी सुरू आहे, दिसतंयच तुम्हाला.

जुना_फळा (रात्री १०:१२)

त्या मुलीचं बरोबर केलंत. नियम बाकीच्यांसाठी. गेटवरची नोटीस मात्र मुख्याध्यापकांच्या सहीनं निघू दे, तुमच्या नावानं नको.

गगनबावडा_एसटी (रात्री १०:२०)

ताई, दहाच्या ऐवजी सकाळी आठ ठेवता येईल का? आमच्याकडं दहानंतर लाईटचा भरवसा नसतोय, आणि साडेआठची गाडी गाठली तर त्याच दिवशी कागद घेऊन येता येतंय.

तळ्याकाठची (रात्री १०:२४)

ठेवते. आठ ते दहा मी घेते.

जुना_फळा (रात्री १०:२६)

मग यादीच्या दिवशीची रात्रीची पाळी तुम्हाला नाही. हे पण नोटिशीत घाला.